नफा सीएच्या कागदावर, पैसा गावात: एका कृषी केंद्रवाल्याले दिलेलं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला अन् मले माझा २००३ चा मार्च आठवला, तेव्हा मी बी असाच डोक्याले हात लावून बसलो होतो. बाकीच्यांले समजावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. दारव्ह्याकडं कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खत-औषधाचं दुकान, टाकून तुमचं तिसरं वर्ष, गेल्या वर्षी विक्री ९२ लाख, सीएनं नफा काढला ४ लाख ६० हजार. पण सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, १५ लाखाची फुल्ल, वडिलांची ५ लाखाची एफडी मोडली, कंपन्यांचं देणं ११ लाख, लोकांकडं उधारी २७ लाख, अन् खात्यात पाहाल तर ठणठण गोपाळ. वरून कंपनीचा माणूस मागं लागला की ३१ मार्चच्या आत ५ लाख ॲडव्हान्स टाका, ८ टक्के सूट भेटते अन् बँकॉकची टूर, तर त्याच्यासाठी घरचं सोनं गहाण ठेवू का हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की नफा गेला कुठं, सीए चुकला का.

सीए नाही चुकला. त्याचा हिशोब बिल फाडल्याच्या दिवशी होते. तुम्ही जुलैमध्ये एखाद्याले साडेचार हजाराचं फवारणीचं औषध दिलं, बिल फाडलं, त्याच घडीले कागदावर विक्री झाली अन् त्यातला नफा बी जमा झाला. मग त्या माणसानं पैसे दिवाळीत दिले, संक्रांतीले दिले का दिलेच नाही, कागदाले त्याच्याशी घेणंदेणं नाही. गल्ल्याले आहे.

तुम्ही दोन्ही वर्षांचे ताळेबंद पाठवले हे बरं केलं, त्याच्यातूनच मांडतो. मागच्या मार्चमध्ये उधारी होती साडेपंधरा लाख, यंदा २७ लाख, म्हणजे साडेअकरा लाख रुपये वर्षभरात दुकानातून उठून गावात जाऊन बसले. माल होता ९ लाखाचा, आता आहे १३ लाखाचा, ४ लाख गोडाऊनमध्ये पडले. घरखर्च तुम्ही महिन्याले ३० हजार सांगता, वर्षाचे ३ लाख ६०. झाले किती, १९ लाख १० हजार, एवढे गेले. आता आले कुठून ते पाहा. नफ्याचे ४ लाख ६०. त्यात घसाऱ्याचे ४० हजार मिळवा, काहून की काट्याचा, फर्निचरचा घसारा कागदावर वजा होते पण खिशातून कोणाले द्यावा लागत नाही. झाले ५ लाख. कंपन्यांचं देणं ८ वरून ११ वर गेलं म्हणजे त्यांचे ३ लाख तुम्ही वापरले. सीसी ९ वरून १५, बँकेचे ६ लाख. वडिलांचे ५. एकूण १९ लाख. दहा हजार कमी पडले ते मागच्या वर्षीच्या शिलकेतून गेले. पाहा, एक रुपया हरवला नाही. तुमचा नफा खराच आहे, पण तो लोकांच्या वावरात उभा आहे अन् त्याच्या सोबतीले वडिलांचे अन् बँकेचे पैसे बी तिथंच जाऊन बसले.

हा हिशोब करायले सीए लागत नाही, दोन ताळेबंद अन् एक कोरा कागद लागते. दर मार्चमध्ये हा कागद करा, अन् पहिले दोन-तीन वर्षं तर दर तीन महिन्याले करा.

आता हे होते काहून ते सांगतो, कारण आपल्या धंद्यात जे होते ते पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानवाल्याले सांगून समजत नाही. त्याचा माल रोज येते रोज जाते. आपल्याकडं पैसा जायचं पंचांग वेगळं अन् यायचं पंचांग वेगळं. जायचं पंचांग असं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बुकिंगचे ॲडव्हान्स, मे महिन्यात बियाण्याचं प्लेसमेंट, म्हणजे हंगामाआधी दुकानात माल भरणं, मृग लागायच्या आधी खताच्या गाडीची आरटीजीएस, ती केल्याशिवाय खताची गाडी हलत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तणनाशक अन् कीटकनाशक, त्याचे पैसे ४५ नाहीतर ६० दिवसात द्यायचे म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. जीएसटी महिन्याचा भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेले, दुकानाचं भाडं १ तारखेले, सीसीचं व्याज महिनाअखेर. या सगळ्यांले पाऊस आला का नाही आला याचं काही नाही.

यायचं पंचांग पिकाचं. जूनमध्ये बियाणं बरंचसं नगदी जाते, कारण लोकांच्या हाती पीककर्ज आलेलं राहते. जुलैपासून जे खात्यावर लिहिणं सुरू होते ते पोळ्यापर्यंत थांबत नाही. मग सोयाबीन दसऱ्याच्या मागंपुढं निघते, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा दिवाळीजवळ, खरा कापूस डिसेंबर-जानेवारीत, तूर संक्रांतीच्या आसपास, हरभरा शिमग्याले. म्हणजे कंपनी पैसे मागते ऑक्टोबरमध्ये अन् कास्तकाराचा हात मोकळा होते जानेवारीत. मधातले ते तीन-साडेतीन महिने कोणाच्या पैशावर काढायचे, हाच आपला सगळा धंदा आहे. विक्री करणं सोपं आहे हो, उधार द्यायले लागा, २ कोटीची बी होईन.

अन् सोयाबीन निघाली म्हणजे पैसे आले असं बी नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ले ५३२८ रुपये जाहीर झाला अन् दिवाळीच्या टायमाले बाजारात लोकांनी त्याच्या लय खाली विकली. ज्याच्या घरात दम आहे त्यानं विकलीच नाही, पोते रचून ठेवले, भाव वाढीन म्हणून. त्याचं बरोबरच आहे, त्याच्या जागी मी असतो तर मी बी ठेवले असते. पण त्याच्या पोत्यात आपली बी उधारी शिवलेली राहते, ते विसरू नका. तो भावाची वाट पाहते अन् त्याची वाट पाहायचं व्याज आपण भरतो.

व्याज किती भरतो ते एका बाटलीवर करून पाहा. समजा औषधाची बाटली तुम्हाले पडली ८०० रुपयाले, त्यावर १८ टक्के जीएसटी १४४, कंपनीले द्यायचे ९४४. तुम्ही विकली ९०० अधिक १६२, म्हणजे १०६२ ले. जीएसटीचा फरक १८ रुपये सरकारले भरायचा, तो बी बिलाच्या तारखेप्रमाणं, वसुलीच्या नाही. म्हणजे खिशातून गेले ९६२, मार्जिन १०० रुपये. सीसीचं व्याज सोपं जावं म्हणून महिन्याले १ टक्का धरा, तर दर महिन्याले साडेनऊ रुपयाच्या वर त्या शंभरातून कमी होतात. चार महिन्यानं पैसे आले तर ६० उरले. दहा महिन्यानं आले तर फक्त बाटली हलवायचा व्यायाम झाला. अन् कंपनीची १५ दिवसात पैसे दिले तर ५ टक्के कॅश डिस्काउंट अशी स्कीम असन तर ते ४० रुपये पहिलेच गेलेले, ते कोणत्या कागदावर दिसत बी नाहीत. बिलाच्या खाली बारीक अक्षरात उशिराच्या पैशावर २४ टक्के व्याज लिहिलेलं राहते, ते कधी वाचलं का? मी पाच वर्षं वाचलं नव्हतं.

युरियाचं तर विचारूच नका. ४५ किलोची गोणी, एमआरपी २६६ रुपये ५० पैसे, आपल्याले सुटतात जेमतेम १६ रुपये अन् हमाली त्याच्यातच. अडीचशे रुपये सहा महिने उधार राहिले तर १५ रुपये व्याजातच गेले. म्हणून माझ्या दुकानात युरिया सख्ख्या साळ्याले बी उधार नाही. तो दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी, आता बोलते.

२००३ ले माझं काय झालं होतं ते सांगतो, तुमच्यासारखंच होतं. दुकान टाकून चौथं वर्ष, विक्री दरवर्षी वाढे, गावात लोक शेठ म्हणे, अन् मार्चमध्ये एका कंपनीचा चेक बाउन्स झाला. साधा ३८ हजाराचा चेक. कंपनीनं माल बंद केला, मे महिन्यात बियाणं नाही, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं अन् सोबत माझी उधारी बी घेऊन गेलं, कारण ज्या दुकानातून यंदाचा माल घ्यायचा नाही त्याची बाकी कोण देते? ही गोष्ट लय लोकांच्या लक्षात येत नाही. आपली जुनी उधारी वसूल होते ती पुढच्या मालाच्या ओढीनं. तुमच्याकडं माल नसला की वसुली थांबते, वसुली थांबली की माल येत नाही. नफ्यात असलेलं दुकान असं बंद पडते.

२०१६ ची नोव्हेंबरची नोटाबंदी आठवा. आठ तारखेच्या रात्री घोषणा झाली अन् दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात तीन-तीन वर्षांची बाकी द्यायले लोक आले, हजाराच्या जुन्या नोटा घेऊन! ज्याले फोन करून करून माझा अंगठा झिजला तो माणूस हसत म्हणते, "घ्या भाऊ, आता काही देणं ठेवायचं नाही." मी बी घेतले, बँकेच्या लाइनीत आठवडाभर उभा राहिलो, अन् सगळा भरणा कोणाचा कोणत्या तारखेचा ते खात्याप्रमाणं लिहून ठेवलं, ते पुढं विचारणा झाली तेव्हा कामी आलं. त्या वर्षी मले समजलं की पैसे नसतात म्हणून थकते ती उधारी वेगळी अन् द्यायची घाई नाही म्हणून थकते ती वेगळी. दुसरीच जास्त राहते.

मग २०१७ आलं, गुलाबी बोंडअळीचं. बोंडं हिरवी दिसे अन् फोडली की आत किडी. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली, माणसं गेली, ते दिवस अजून आठवले की कसंतरी होते. त्या वर्षी वसुलीले कोणाच्या दारात जायची हिंमत झाली नाही अन् जायले बी नको होतं. माझ्या १९ लाखाच्या उधारीतले ६ लाख त्या वर्षीचे आजपर्यंत आले नाहीत, मी ते सोडून दिले. तरी दुकान वाचलं, कारण २०१३ पासून मी उधारीले हद्द घातली होती. असं वर्ष आपल्याकडं पाच-सहा वर्षातून एकदा येतेच, कधी अळी, कधी २०२० सारखं सोयाबीन उगवलं नाही अन् उरलं ते परतीच्या पावसात काळं पडलं. त्या एका वर्षाचा मार खायची ताकद नसन तर मधातल्या चार वर्षांचा नफा म्हणजे उसनाच.

कर्जमाफीचं बी एक आहे. २००८ ची, २०१७ ची, २०१९ ची, प्रत्येकीत बँकेचं कर्ज गेलं, कृषी केंद्राची उधारी कोणत्याच यादीत नव्हती. पण माफी होणार अशी हवा झाली की लोक बँकेत भरणा थांबवतात, मग जूनमध्ये नवं पीककर्ज भेटत नाही, मग जे बियाणं नगदी जायचं ते बी उधार मागतात. म्हणून पेपरात माफीची चर्चा दिसली की मी त्या वर्षीचा उधारीचा अंदाजच वाढवून धरतो अन् बुकिंग कमी करतो.

आता हद्द कशी घालायची. मी एकरावर घालतो, माणसावर नाही. कोरडवाहू कपाशीले एकरी ठरावीक रुपये, ओलिताले थोडे जास्त, संत्र्याच्या बगीच्याले वेगळे, त्याच्यापेक्षा जास्त उधार नाही. किती रुपये ते तुमच्या गावावर आहे, पण आकडा कागदावर लिहून काऊंटरच्या आत चिकटवा, म्हणजे नाही म्हणताना तुम्ही नाही म्हणत, कागद म्हणते. जावई आला, सरपंच आला, तरी कागद तोच. अन् मागची बाकी अर्ध्याच्या वर असन तर नवं खातं उघडायचं नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक तुटते, खोटं कशाले बोलू, माझी विक्री पाचव्या हिश्श्यानं पडली होती. पण त्याच वर्षी मी पहिल्यांदा कंपनीले १५ दिवसात पैसे देऊन कॅश डिस्काउंट घेतला, अन् नफा मागच्या वर्षीपेक्षा जास्त निघाला.

वसुलीले जायचा टाइम बी महत्त्वाचा. कापसाची गाडी भरताना दिसली अन् तुम्ही दोन दिवसानं गेले तर गेले कामातून. पहिल्या वेच्याचा पैसा वेचणाऱ्या बायांच्या मजुरीत अन् दिवाळीत जाते, तिथं हात घालू नका, शिव्या खासाल. दुसऱ्या-तिसऱ्या वेच्यावर तुमचा नंबर सांगून ठेवा, आधीच, पोळ्याच्या दिवसातच. सीसीआयले, म्हणजे सरकारी कापूस खरेदीले, कापूस दिला असन तर चुकारा खात्यात पडते, अन् त्या खात्यावर बँकेची बी नजर राहते, म्हणून त्याले आधीच विचारून घ्या कोणतं खातं लावलं. माणूस पैसे वाटते त्याचा क्रम ठरलेला आहे, मजूर, सण, सावकार, पोरांची फी, सोयरीक, अन् शेवटी कृषी केंद्र, काहून की आपण व्याज घेत नाही अन् ओरडत नाही. हो, अन् उधारीवर व्याजाचा कागद करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे, कोणी तक्रार केली तर दुकानाच्या लायसनपर्यंत प्रकरण जाईन. त्याच्यापेक्षा एमआरपीच्या आतच नगदीले वेगळा भाव ठेवा, दोन भाव उघड सांगा. लोकांले व्याज लागते म्हटलं तर राग येते, नगदीले सूट म्हटलं तर खिशात हात जाते, पैसा तोच.

जुन्या उधारीची आज रात्रीच यादी करा, वर्षाप्रमाणं. तीन महिन्याच्या आतली किती, यंदाच्या खरिपाची किती, त्याच्या मागची किती. तीन वर्षं होऊन गेले तर कोर्टात दावा चालत नाही, मुदतीचा कायदा आहे. पण तीन वर्षं व्हायच्या आत त्या माणसानं "एवढी बाकी कबूल" म्हणून तारीख टाकून सही केली तर मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून गुढीपाडव्याले मी प्रत्येक खात्यावर बाकी काढून सही घेतो, चहा पाजून. कोर्टात मी आजपर्यंत दोनदाच गेलो, पण सही केलेला माणूस बाकी विसरत नाही. सहीचा खरा उपयोग तोच.

बँकेचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण तुमचं खरं संकट तिथं येणार आहे. १५ लाखाची लिमिट म्हणजे १५ लाख वापरायचा हक्क असं नाही. बँक ड्रॉइंग पॉवर काढते, म्हणजे खरंच किती उचलता येते तो आकडा: ज्या मालाचे पैसे देऊन झाले तो माल, अधिक साधारण ९० दिवसाच्या आतली उधारी, त्यातून मार्जिन, म्हणजे आपण स्वतः घालायचा हिस्सा, वजा. मार्जिन बँकेबँकेचं वेगळं, आपण २५ टक्के धरू. तुमचा माल १३ लाख, त्यातले कंपन्यांचे ११ लाख द्यायचे, राहिले २. तुमच्या २७ लाखात जानेवारीनंतरची उधारी तुम्हीच ३ लाख सांगता, बाकीची २४ लाख बँकेच्या हिशोबानं शून्य. झाले ५ लाख, त्याचे पाऊण हिस्सा म्हणजे पावणेचार लाख. अन् तुम्ही उचलले आहेत १५. बँकेले देता त्या माल-उधारीच्या यादीत, स्टॉक स्टेटमेंटमध्ये, तुम्ही काय लिहून देता ते मी विचारत नाही, मले माहीत आहे सगळे काय लिहितात. पण एखादा नवीन मॅनेजर गोडाऊन पाहायले आला की पंचाईत, अन् ९० दिवस खात्यात पुरेसा भरणा झाला नाही तर खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग सिबिल गेलं, मग वडिलांच्या सातबाऱ्यावर पीककर्ज मागायले जा, ते बी अडते.

मॅनेजर चांगला असन तर म्हणीन लिमिट वाढवून देतो. ९२ लाखाच्या विक्रीवर २० टक्क्यानं १८ लाख ४० हजार बसते, रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या काळापासूनचा तो ठोकताळा आहे. घेऊ नका आत्ता. उधारी वाढली म्हणून लिमिट वाढवली की ती नव्या उधारीतच जाते, हे मी दोनदा करून पाहिलं. मागायचंच असन तर हंगामाची लिमिट मागा, मे ते डिसेंबर जास्त अन् जानेवारी ते एप्रिल कमी, अन् त्या कमीच्या महिन्यात खरंच खाली आणा. जीएसटीचं एक राहिलंच, कंपनीचं बिल १८० दिवसात चुकतं केलं नाही तर त्यावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे जीएसटीची वजावट, व्याजासकट परत करावं लागते. तुमच्या ११ लाखातली सप्टेंबरच्या आधीची बिलं किती आहेत ते सीएले विचाराच.

तेरा आठवड्याची वही हा माझा सगळ्यात कामाचा उपाय आहे, शाळेची दोनशे पानी वही, मोबाईल-बिबाईल काही नाही. डाव्या पानावर येणं, उजव्या पानावर जाणं, एका आठवड्याले एक ओळ, पुढचे तीन महिने. दर रविवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून भरायची. येण्यात वायद्याची वसुली अर्धीच धरायची. माझ्या अनुभवात "सोयाबीन निघाली की देतो" म्हणणाऱ्या शंभर रुपयातले चाळीसच दिवाळीपर्यंत येतात, म्हणून अर्धी बी जास्तच झाली. समजा जूनच्या दुसऱ्या आठवड्याची ओळ अशी आली, बियाण्याची नगदी १ लाख ८०, वायद्याचे ६० त्यातले धरले ३०, येणं २ लाख १०. जाणं, खताची आरटीजीएस २ लाख २०, हमाली-गाडीभाडं ९ हजार, मे महिन्याचं राहिलेलं सीसीचं व्याज १४ हजार, पोराचा पगार १० हजार, झाले २ लाख ५३. ४३ हजार कमी. आता हे तुम्हाले एप्रिलमध्ये दिसलं तर खताची गाडी दोघा दुकानदारांत अर्धी-अर्धी करता येते, किंवा कोणाले मे महिन्यातच गाठता येते. तेच १० जूनले दिसलं तर दागिने दिसतात.

घरचा हिशोब वेगळा काढा. तुम्ही महिन्याले ३० हजार म्हणता पण तो तुमचा अंदाज आहे, गल्ल्यातून पेट्रोलले पाचशे, पोराले चपला, मावशीच्या पोराच्या लग्नात आहेर, ते कोणी लिहिलं? अन् घरची आठ एकर वाहता ना, त्याचं बियाणं-खत दुकानातूनच जात असन. ते घरच्या खात्यावर लिहा, बिल फाडून, जसं दुसऱ्याले फाडता तसं. माझ्या घरच्या वावराचं खातं पहिल्यांदा लिहिलं त्या वर्षी सगळ्यात मोठा थकबाकीदार मीच निघालो. तेव्हापासून दर १ तारखेले दुकानातून पगार घेतो, फोनपेनं, अन् गल्ल्याची चावी बायकोकडं.

गोडाऊनमधल्या ४ लाखाचं बी पाहा. त्यात लिंकिंगचा माल किती, म्हणजे डीएपी पाहिजे तर सोबत हे घ्या म्हणून गळ्यात मारलेला? अन् एक्सपायरी जवळ आलेला किती? बियाण्याचं रिटर्न कंपनी हंगाम संपला की ठरावीक तारखेपर्यंतच घेते, ती तारीख वहीत लिहा अन् रिटर्नची पोच सहीशिक्क्यानं घ्या, व्हॉट्सॲपवरच्या "होऊन जाईन भाऊ" ले काही किंमत नाही, त्या माणसाची बदली झाली की तुमचं रिटर्न बी गेलं. स्कीमची क्रेडिट नोट तर पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही अन् येते ती बी पुढच्या मालात वळती. ती नफ्यात धरून खर्च करू नका.

आता त्या ५ लाखाच्या बुकिंगचं. ८ टक्के म्हणजे ४० हजार सूट. सोन्यावरचं कर्ज ११ टक्क्यानं धरलं, मार्चमध्ये घेतलं अन् तुमच्या आजच्या उधारीच्या चालीप्रमाणं पैसे डिसेंबरमध्ये सुटले, नऊ महिन्याचं व्याज ४१ हजार २५०. म्हणजे सोनं बँकेत अन् तुम्ही साडेबाराशे रुपये तोट्यात. तोच माल जुलैमध्ये नगदी खपला तर व्याज चार महिन्याचं, १८ हजाराच्या आसपास, मग फायदा आहे. म्हणून त्या माणसाले म्हणा यादी पाठव, अन् त्यातून मागच्या दोन वर्षात तुमच्याकडं नगदी गेलेले आयटम तेवढेच निवडा, तणनाशक असन एखादं. दीड-दोन लाखाच्या वर होणार नाही. तेवढ्यासाठी सोनं लागत नाही, मार्चच्या हरभऱ्याची वसुली पुरते, उद्यापासून निघा. पूर्ण ५ लाख पाहिजेत म्हणून तो अडून बसला तर बसू द्या. मे महिन्यात तो परत येईन, त्याले बी टार्गेट आहे.

अन् टूरचं म्हणाल तर मी २०११ ले गेलो होतो बँकॉकले, पाच दिवस. त्याच्यासाठी उचललेल्या औषधाच्या ७० पेट्यांतल्या ९ शेवटपर्यंत खपल्या नाहीत, एक्सपायर झाल्या, कंपनी परत घेईना. त्या गेल्या एकदाच्या, पण गोडाऊनच्या त्या कोपऱ्याले आमच्याकडं अजून बँकॉक म्हणतात. न खपणारा माल आला की पोरगं विचारते, "भाऊ, हे बँकॉकले ठेवू का?"